टोरीच्या तेलाचा ब्रेक

आमच्या घरात गाडी चालवता येणारी माणसं दोनच, मी आणि माझा नवरा. नवरा घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात शिफ्टवर असतो. तिथेच खोली करून राहतो आणि सुट्टीला मोटरसायकलने चामोर्शीला येतो. म्हणजे प्रत्यक्षात गाडी मीच चालवते. गाडीबद्दलची मतं मात्र घरात सगळ्यांना आहेत, आणि ज्यांना क्लच कुठल्या पायाने दाबतात हेही माहीत नाही त्यांची सगळ्यात ठाम आहेत. ते म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. घर एकत्र, शेती एकत्र, आणि घरातलं काय ठेवायचं, काय विकायचं हे भासरे ठरवतात.

मी लॅब टेक्निशियन आहे. जंगलाच्या कडेला एका आरोग्य केंद्रात रक्ताच्या काचपट्ट्या तपासते. मलेरियाचे दिवस आले की सकाळी पोचल्यापासून मायक्रोस्कोपवरून डोळा उचलता येत नाही. एसटी तिथे पोचते तेव्हा तापाने फणफणलेली माणसं रांगेत बसून कंटाळलेली असतात. काळी-पिवळी जीपचं तर विचारूच नका. ती भरल्याशिवाय निघत नाही, भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो, आणि त्याला ते कधी पटत नाही. म्हणून मी आणि नवऱ्याने ही जुनी गाडी घेतली. लहान, पांढरी, मागच्या मालकाने दारं आपटून आपटून सैल केलेली. पण माझ्या वेळेला निघायची आणि माझ्या वेळेला परत यायची.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातून डावीकडे जायचं. मग ब्रेक न दाबताही गाडी जड चालू लागली, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. एक दिवस केंद्रासमोर उतरले तर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास. चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग. उजवं चाक साधं कोमट.

तालुक्याच्या गावात एक गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे गेले. तो खाली वाकलाच नाही. गाडीकडे लांबून, उभ्या उभ्या पाहिलं. मुलगी बघायला आलेली माणसं तिच्या रंगाकडे बघतात तसं. मग म्हणाला, कॅलिपर जाम आहे, आख्खाच बदलावा लागेल, या मॉडेलचा आता कुठी भेटत नाई, इकून टाका. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आत डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा लोखंडी भाग. त्याचा चिमटा सुटत नव्हता, एवढंच. चिमटा का सुटत नाही हे पाहायचं सोडून त्याने गाडीचा अंत्यविधी सांगितला. त्याचा धंदाच तसा आहे. उघडून पाहायला अक्कल लागते. बदला म्हणायला नुसतं तोंड पुरतं.

त्याचं बोलणं माझ्याआधी घरी पोचलं. चामोर्शीत सगळंच माझ्याआधी घरी पोचतं.

आमच्याकडे भासऱ्यांशी सुनेने थेट बोलायचं नसतं. आता पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही. मी डोक्यावर पदर घेत नाही, पण त्यांच्या खाटेवर बसत नाही, आणि ते माझ्याकडे पाहून बोलत नाहीत. बोलायचं असेल तर मधल्या माणसाला सांगतात. मधलं माणूस नवरा असतो, नसेल तर जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको. मी दोन हातांवर उभी असते, ऐकत असते, तरी निरोप फिरून येतो. इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही थेट प्रश्न विचारलेला नाही, पण माझ्याबद्दल उत्तरं त्याच्याकडे भरपूर आहेत.

त्या रविवारी नवरा आला होता. भासरे अंगणात खाटेवर बसले, नवरा खुर्चीवर, मी पडवीत तांदूळ निवडत. भासऱ्यांनी निकाल दिला. गाडी ओढते कारण बाईमाणसाचा पाय सारखा ब्रेकवर असतो. जंगलाचा रस्ता, रानडुक्कर दिसलं की दाब, माकड दिसलं की दाब. दाबून दाबून ब्रेक चिकटला. आता इकून टाकलेली बरी. नोकरीच करायची असेल तर केंद्रावर क्वार्टर आहे, तिथी राहावं. नाहीतर काळी-पिवळी हायच.

"सांग तिले," ते नवऱ्याला म्हणाले, "गाडी चालवणं म्हणजे सायकल नोहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं होतं हे त्याला दिसत होतं. तरी त्याने सांगितलं, "दादा म्हणते, गाडी चालवणं म्हणजे सायकल नोहे."

माझा नवरा वाईट माणूस नाही. पण भाऊ समोर असला की त्याचा टपालखात्यातला शिपाई होतो.

आता काय पणाला लागलं होतं ते सरळ सांगते. गाडी गेली असती तर नोकरी लगेच गेली नसती. पण मी केव्हा निघायचं, केव्हा यायचं, हे काळी-पिवळीच्या ड्रायव्हरच्या आणि भासऱ्यांच्या हातात गेलं असतं. आणि मग एक दिवस नोकरीही गेली असती, सगळ्यांनी मिळून घातलेल्या काळजीच्या गराड्यात. मी असं दोन बायकांचं झालेलं पाहिलं आहे. कोणी त्यांना नोकरी सोडा म्हटलं नव्हतं. फक्त त्यांची ये-जा अवघड करून ठेवली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत गाडी विकायची नाही. चंद्रपूरहून सीलचा किट आण, पॅड आण, ब्रेक ऑइल आण, ब्रेकचं ग्रीस आण. कॅलिपर मी उघडते. आणि भासऱ्यांनाही सांग, मधल्या माणसानेच सांगायचं असतं ना.

नवऱ्याने सांगितलं. भासरे हसले. खाटेवरून उठून गोठ्याकडे गेले. त्या हसण्याचं भाषांतर करायला मधलं माणूस लागलं नाही.

आठवडाभर मी दुपारच्या जेवणाच्या वेळात फोनवर व्हिडिओ पाहिले. बहुतेक व्हिडिओंत एक माणूस पाच मिनिटं आपल्या चॅनलची आरती ओवाळतो आणि मग हात कॅमेऱ्याच्या आड धरून काम करतो. तरी चार व्हिडिओ जोडून एक काम समजलं. काम अवघड नव्हतं. स्वच्छता हवी, क्रम हवा, घाई नको. हे मी रोज करते. एका काचपट्टीवर बोटाचा तेलकट डाग राहिला तर रक्त नीट पसरत नाही. ब्रेकचं तसंच आहे. त्यात गूढ काही नाही. पुरुषांनी त्याचं गूढ करून ठेवलं आहे, कारण गूढ राहिलं की विचारायला त्यांच्याकडे जावं लागतं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली. मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट आधी सैल केले, मग जॅक लावला, मग गाडीखाली लाकडी ठोकळा सरकवला. नवरा म्हणाला, जॅक आहे ना, ठोकळा कशाला. मी म्हटलं, जॅक सुटला तर खाली मी असेन, तू नाही. तो बॅटरी धरायला आला. दिवसाढवळ्या बॅटरी. पण आत अंधार असतो हे खरं.

चाक निघालं. कुंपणापलीकडे दोघे-तिघे उभे राहिले. आमच्या गल्लीत जेसीबी आला तरी इतकी गर्दी होत नाही. एकाने विचारलं, बाई, सिव्हिल सर्जन झाल्या का. मी म्हटलं, या आत, पेशंट धरायला माणूस पाहिजे. कोणी आलं नाही.

कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना मोकळ्या असल्या तरच चिमटा सुटतो. खालचा बोल्ट काढला, वरचा काढला, आणि पिन ओढली. येईना. पान्याने पकडून, फिरवून फिरवून ओढली तेव्हा चर्र करून निघाली आणि तिच्यासोबत निघालं पिवळं, चिकट, मेणासारखं काहीतरी. पिनेवरची रबरी टोपी फुगून दुप्पट झाली होती, तोंड वासून बसलेली. ब्रेकचं ग्रीस असं पिवळं नसतं. मी बोटावर घेऊन वास घेतला.

टोरीचं तेल.

इकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगते. मोहाच्या बिया म्हणजे टोरी. त्यांचं तेल आमच्याकडे सगळ्याला चालतं असं मानतात. बैलबंडीच्या कण्याला टोरीचं तेल, दाराच्या बिजागरीला टोरीचं तेल, फुटलेल्या टाचेला, दुखऱ्या गुडघ्याला, कोणाकोणाकडे भाजीलाही. उन्हाळ्यात ते पातळ असतं. थंडी पडली की तुपासारखं गोठतं. बैलबंडीच्या कण्यात गोठलं तर बैल थोडा जास्त ओढतात. ब्रेकच्या पिनेवर गोठलं तर ब्रेक सुटत नाही. आणि रबराला ते तेल लागलं की रबर फुगतं.

जाऊबाई बाजूला कांदे चिरत बसल्या होत्या. मी त्यांना पिन दाखवली. त्यांनी नुसती लांबून पाहिली, वासही घेतला नाही, आणि विळी थांबवली.

"दिवाळीच्या आंधी चाक कुरकुरे नाई का," त्या भासऱ्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाल्या. "तू ड्युटीवर गेलती केंद्राच्या जीपनं, गाडी घरी होती. यायनं चाक काढून तेल घातलं. म्हणे, कण्याले तेल नसन म्हणून बोंबलून राह्यली."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुले काऊन सांगन? आवाज बंद झालता ना."

खरं होतं. आवाज बंद झाला होता. हिवाळा येईपर्यंत त्यांचं तेल पातळ राहिलं आणि भासऱ्यांचं ज्ञान बरोबर ठरत राहिलं. त्यांनी ते वाईट हेतूने केलं नव्हतं हे मला मान्य आहे. पण चांगल्या हेतूचं मला फारसं कौतुक नाही. चांगला हेतू असलेली माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, हेतू चांगला आहे म्हणजे काम झालं. डिस्क ब्रेकला बैलबंडीचा कणा समजणारा माणूस दीड-दोन महिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता, आणि पाठीमागे माझ्या पायाला दोष देत होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅटरीचं बटण उगाच चालू-बंद करत होता. त्याला दिवाळीपासून माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर कुठलंही आलं असतं तरी मला आवडलं नसतं.

भासरे त्या वेळी शेतावर होते. धानाचे भारे मोजायला गेले होते, असं सांगितलं. रविवारी सकाळी, मी चाक काढणार हे माहीत असताना, भारे मोजायला. असो.

पुढचं काम मी शांतपणे केलं. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेने वर बांधला. डिस्कला घासणारे पॅड काढले. एक अर्धा झिजलेला, दुसरा पार पत्र्यापर्यंत. दोघांवरही तेलाचा डाग. दोन्ही फेकले. मग पॅडला पुढे ढकलणारा आतला पिस्टन बाहेर काढायचा होता. तो हाताने येत नाही. समोर लाकडाची पट्टी लावून नवऱ्याला ब्रेक हळूहळू दाबायला सांगितलं. त्याने एकदम दाबला. पिस्टन पट्टीवर आदळला, ब्रेक ऑइलची चिळकांडी माझ्या बाहीवर उडाली. मी त्याला खाली उतरवलं आणि जाऊबाईंना बसवलं.

जाऊबाई गाडीत कधी पुढे बसल्या नव्हत्या. त्यांनी आधी पाय पुसले.

पिस्टनवर एक गंजाची कड होती, फुगलेल्या रबरामागे पाणी अडकून आलेली. ओल्या बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून ती काढली. सीलच्या जागी खड्डा पडला असता तर पिस्टन फेकावा लागला असता, पण तिथे तो गुळगुळीत होता. आतलं जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नसतं, भिंतीला ओरखडा पडला की तिथून गळती. मी बांबूची कामटी तासून घेतली आणि तिने उचललं. मग सगळं स्पिरिटने धुतलं, खोबणीतला काळा मळ कापसाने काढला, पुन्हा धुतलं. कुंपणापलीकडे आता एकच माणूस उरला होता. तो म्हणाला, इतकं तर लेकराले कोणी धुत नाई. त्याच्या लेकराला मी ओळखते. खरंच बोलला.

नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवलं. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबला. तिरका गेला की सील कापतो, आणि घाईची माणसं इथेच हातोडी आणतात. पिनांच्या टोप्या नव्या घातल्या, ब्रेकचं ग्रीस लावलं. पिन बोटाने सरकली. आत, बाहेर. बस, एवढंच व्हायला हवं होतं. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याने गाडी मेली म्हणून सांगितलं होतं, आणि एवढ्यासाठी मला क्वार्टरमध्ये पाठवायला निघाले होते.

नवे पॅड घालून कॅलिपर परत कसला, आणि मग उजवं चाक. तिथेही टोरीचं तेल होतं, थोडं कमी. बहुधा तेल संपत आलं असावं.

शेवटी नळीतली हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. एक आत पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळची बारीक निपल उघडतो, हवेचे बुडबुडे आणि ऑइल बाहेर येतं, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा परत आत. जाऊबाईंनी हे पहिल्याच फेरीत पकडलं. मी "दाबा" म्हटलं की "दाबलं", "सोडा" म्हटलं की "सोडलं". घरात इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका कामाला इतकं कमी बोलून कधी लागलो नव्हतो. बुडबुडे थांबले. पेडल पायाखाली घट्ट लागलं. त्या म्हणाल्या, "आता दगडावानी लागते."

गाडी गल्लीत काढली. आधी हळू, मग गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर. दोन्ही हात सैल ठेवून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. चाकाजवळ हात नेला, दोन्ही सारखी कोमट. परत आले तेव्हा भासरे खाटेवर होते. मी किल्ली खुंटीला लावली आणि नवऱ्याला म्हटलं, भाऊजींना सांग, ब्रेकला टोरीचं तेल चालत नाही.

नवरा म्हणाला, "दादा, ती म्हणते, गाडी झाली."

निम्मा निरोप. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण जाऊबाईंनी उरलेला निम्मा सांगितला. त्यांनी फुगलेली रबरी टोपी भासऱ्यांसमोर खाटेवर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुमचं तेल." भासऱ्यांनी टोपी उचलली, फिरवून पाहिली, आणि म्हणाले की कंपनीचं रबरच हलकं. पूर्वीचं रबर असतं तर फुगलं नसतं. मग आणखी म्हणाले की गाडी चालते तर खरी, पण जुनी गाडी कधी धोका देईल सांगता येत नाही. धान विकून झालं की पाहू.

म्हणजे विकायचंच होतं. दुरुस्तीने काही बदललं नव्हतं. मी ब्रेक दुरुस्त केला होता, भासरे नाही. आणि त्यांचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत.

पंधरवड्याने कुरखेड्याला त्यांच्या मामेभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. भासऱ्यांनी घरातला मोठा म्हणून जायलाच हवं होतं, आणि एसटीने उतरणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. त्यांनी गृहीत धरलं होतं की नवरा येईल. नवऱ्याची ड्युटी लागली. जाऊबाईंनी निरोप आणला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण डोळे हसत होते. यायले कुरखेड्याले न्याव लागन म्हणते.

मी म्हटलं, नेते. पुढच्या सीटवर बसायचं की मागे, ते त्यांना ठरवू द्या.

सुनेच्या शेजारी पुढे बसणं शक्यच नव्हतं. ते मागे बसले, धोतर सावरून, एखाद्या आमदारासारखे. जाऊबाई पुढे बसल्या, पाय न पुसता. इतक्या वर्षांत माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले होते. माझ्या पायाबद्दल त्यांनी जे सांगितलं होतं ते सगळं खाटेवरून सांगितलं होतं.

जंगलाच्या रस्त्यावर वळणाला गाई बसल्या होत्या. वळण पार करताच दिसल्या. मी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली, गाईंच्या आधी चांगलं अंतर ठेवून. मागून धडपडल्याचा आवाज आला. भासऱ्यांनी दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

"जरा हळू," ते म्हणाले.

मधलं माणूस नव्हतं. जाऊबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी आरशात पाहून म्हटलं, "हळूच होती, भाऊजी. म्हणूनच थांबली."

गाई उठेपर्यंत आम्ही तिघं गाडीत थांबलो. एक गाय फार सावकाश उठली.

साक्षगंधाला त्यांनी चहा पिता पिता सगळ्यांना सांगितलं की गाडी आमच्या घरीच दुरुस्त झाली, गॅरेजवाल्यांच्या भरवशावर राहिलं की लुटतात. कोणी केली ते सांगितलं नाही. 'आम्ही' म्हणाले. मी पलीकडे बायकांत बसले होते आणि पोहे खात होते. पोह्यांत मीठ कमी होतं.

परतताना ते मागच्या सीटवर झोपले. घरी पोचल्यावर खाटेवर बसून जाऊबाईंना म्हणाले, मला ऐकू येईल अशा आवाजात, की गाडी आता राहू द्यावी. उन्हाळ्यात त्याच मुलीचं लग्न आहे, पुन्हा जावं लागेल, घरची गाडी असलेली बरी. चालती गाडी कोणी विकतं का.

तर माझी गाडी अशी वाचली. मी ब्रेक नीट केला म्हणून नाही, त्यांना लग्नाला घेऊन जायला कोणीतरी लागणार म्हणून. त्या आठवड्यात मी रोज माझ्या वेळेला निघाले आणि रांग लागायच्या आत केंद्रावर पोचले. लग्नाच्या दिवशी माझी ड्युटी आहे. हे त्यांना मी अजून कोणामार्फतच कळवलेलं नाही.